गालाच्या आतला फोड

अवधपुरी, भोपाळ
२६ नोव्हेंबर २०२४

ती. वन्सं,

नमस्कार. तुमच्या कानातलं यंत्र पुन्हा बिघडल्याचं पल्लवीनं कळवलं. म्हणजे आता मी इथून फोनवर ओरडायचं, तिनं, तुमच्या सूनबाईनं, तेच तुमच्या कानात ओरडायचं आणि नागपुरातल्या तुमच्या शेजाऱ्यांनी फुकटात ऐकायचं. त्यापेक्षा पत्र बरं. तुम्हाला वाचायला आवडतं आणि मला लिहायला, मास्तरकीची खोड अजून गेलेली नाही.

भाऊबीजेहून परत आल्यापासून तुमच्या भावाची स्वारी जोरात आहे. गुडघे म्हणून काही दुखणं होतं हे ते विसरले आहेत. मागच्या वर्षी हबीबगंज स्टेशनचा पूल चढताना माझ्या खांद्याचं पार पोतं झालं होतं. आता कठडा न धरता घराचे दोन मजले चढतात आणि वर उभे राहून मला विचारतात, "येते आहेस की लिफ्ट मागवू?" रविवारी मला मोठ्या तलावावर फिरायला नेलं. ओवाळून तुम्ही त्यांना नक्की काय खाऊ घातलंत ते एकदा सांगा.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. परवा वडाभात केला होता, वर कडकडीत तेलाची फोडणी. जेवता जेवता ह्यांनी गालावर हात ठेवला. टॉर्च लावून बघितलं तर गालाच्या आत, दाढेच्या समोर, हरभऱ्याएवढा फोड. साधा पाण्याचा नाही, रक्तानं भरलेला, जांभळट काळा. मी बघते आहे तोवर फुटला आणि बेसिन लाल झालं. दुखलं म्हणाल तर अजिबात नाही. आज टाळूला मागच्या बाजूला दुसरा आला आहे.

दोष माझाच. तव्यावरची पोळी थेट ताटात पडली पाहिजे, वरणातून वाफ निघाली पाहिजे, हे सासूबाईंचं वळण मी इतकी वर्षं पाळलं आणि त्याचा मला तोरा होता. त्यात हृदयाचे ठोके चुकायला लागल्यापासून ह्यांना रक्त पातळ ठेवायची गोळी चालू आहे, तिकडेही लक्ष द्यायला हवं होतं. तुमच्या माहेरी कुणाला असं व्हायचं का? आठवून कळवा.

तुमची,
वैजयंती

*

नागपूर
३ डिसेंबर २०२४

चि. सौ. वैजयंतीस आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. आमच्या वडिलांना, दादांना, उन्हाळ्यात तोंड यायचं, पण रक्ताचे फोड कधी बघितले नाहीत. मला वाटतं ही उष्णता असावी. गुलकंद दे, सब्जा भिजवून दे, तिखट काही दिवस बंद कर. तू स्वतःला बोल लावू नकोस. गरम जेवू घालणाऱ्या बाईला कुणी दोष देत नसतं.

तरी डॉक्टरला दाखवलंस तर बरं. हो, दाखवच.

सोबत यशवंतसाठी पाकीट आहे, जुन्या घराच्या कागदांबद्दल. त्यालाच दे.

तुझी,
वन्सं

(सोबतचं बंद पाकीट)

यशवंत,

वैजूचं पत्र वाचलं. भाऊबीजेला दिलेल्या गुडघ्यांच्या पुड्या थोडे दिवस बंद ठेव. नुसत्या झाडपाल्याच्या आहेत असं तो पुड्यांवाला म्हणाला होता, माझा खांदाही त्यांनीच मोकळा झाला. पण तुझी ती हृदयाची गोळी चालू आहे हे मी त्याला सांगितलंच नव्हतं. त्यानंही विचारलं नाही.

वैजूला यातलं बोलू नकोस. वन्संनी माझ्या नवऱ्यावर प्रयोग केले, असं ती जन्मभर म्हणेल. आणि खरंच तर म्हणेल.

ताई

*

अवधपुरी, भोपाळ
११ डिसेंबर २०२४

ती. वन्सं,

तुमचं पाकीट न उघडता दिलं. ह्यांनी ते बाथरूममध्ये नेऊन वाचलं. घराच्या कागदांसाठी एवढी खबरदारी मी प्रथमच बघितली.

गुलकंदानं काही झालं नाही. तिसरा फोड जिभेच्या कडेला आला तेव्हा दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. डॉ. मृणाल, वयानं आपल्या पल्लवीएवढी, इंदूरच्या मराठी घरातली. मला वाटलं तोंड बघेल, मलम देईल, सोडेल. पण तिनं आरशानं सगळं तोंड आतून पाहिलं आणि मग प्रश्नांना सुरुवात केली. गाल चावला गेला का? एखाद्या दाताची कड घासते का? ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येतं का? अंगावर निळे डाग पडतात का? असे फोड कातडीवर किंवा डोळ्यांत कधी आले का? शौचाला काळी होते का?

मी वडाभाताचं सांगितलं. ती हसली. म्हणाली, "काकू, काही वयस्कर लोकांना गरम किंवा टणक खाण्यानं असा फोड येतो. दिवसात फुटतो, आठवड्यात भरतो, त्याचा पुढे काही त्रास नसतो. पण तसं आहे हे शेवटी म्हणायचं असतं, बाकी सगळं तपासून झाल्यावर. पहिल्यांदाच तसं म्हणून मोकळं झालं तर माणूस हातचा जातो." मग रक्त तपासायला पाठवलं. रक्त थांबवणाऱ्या पेशी पुरेशा आहेत का आणि रक्त गोठायला किती वेळ लागतो, हे दोन्ही बघायचं. ते ठीक निघालं आणि तरी फोड येत राहिले, तर फोडाच्या कडेचा बारीक तुकडा काढून तपासायचा. त्याआधी तुकड्याला हात लावणार नाही, रक्त थांबलं नाही तर काय करायचं, म्हणाली.

पेशी व्यवस्थित निघाल्या. पण गोठण्याचा आकडा जिथे असायला हवा त्याच्या दुपटीवर. हृदयाच्या डॉक्टरांनी लगेच गोळी कमी केली आणि पुन्हा तपासायला सांगितलं.

म्हणजे वडाभातावरचा खटला निम्मा तरी मागे घेतला गेला. तरीही मी ह्यांना पोळ्या गार करून वाढते. गार पोळीचा तुकडा मोडताना त्यांचा चेहरा बघवत नाही.

तुमची,
वैजयंती

*

भोपाळ
१३ डिसेंबर

ताई,

हे पत्र मी स्वतः चालत जाऊन पेटीत टाकतो आहे. यावरून गुडघे कसे आहेत ते ओळख.

पुड्या बंद करून बघितल्या. चार दिवसांत जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभा राहून वर बघत होतो. पुन्हा सुरू केल्या. फोडांचं कारण सापडलं आहे, गोळी जास्त होत होती, ती कमी केली. तू उगाच मनाला लावून घेऊ नकोस.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, "काका, काही देशी औषध, एखादं चूर्ण?" मी तोंड उघडायच्या आत वैजयंतीच म्हणाली, "नाही, काही नाही." मग मी गप्प बसलो. तिला बिचारीला काय ठाऊक.

पुड्या संपत आल्या आहेत. आणखी पाठव. आजवर तुझ्याकडे कधी काही मागितलेलं नाही.

यशवंत

*

नागपूर
२० डिसेंबर

यशवंत,

पाठवते आहे. डिंकाच्या लाडवांच्या डब्यात, खालच्या कागदाखाली. देऊ नये असं एक मन म्हणतं. पण दादा गेल्यावर माझं कॉलेज चालू राहावं म्हणून तू आपलं शिक्षण सोडून सरकारी टेबलाशी बसलास, आणि त्याबद्दल आजवर चकार शब्द काढला नाहीस. तू पहिल्यांदा काही मागितलंस आणि मी नाही म्हणू, हे मला जमत नाही.

रोज एकच घे. फोड आला की थांबव. मला शब्द दे.

ताई

*

अवधपुरी, भोपाळ
४ जानेवारी २०२५

ती. वन्सं,

लाडू पोचले. पण खाणार कोण? ह्यांच्या जिभेखाली मोठा फोड आला आहे, बोलणं बोबडं येतं. भाजीची पिशवी मनगटाला अडकवून आणली, तर बंदाच्या जागी मनगटभर निळं झालं. गोळी कमी करूनही आकडा म्हणावा तसा उतरत नाही. हृदयाचे डॉक्टर काल चिडले. म्हणाले, "आप लोग कुछ बता नहीं रहे हैं." मी पदराशी चाळा करत बसले. हे भिंतीवरच्या हृदयाच्या चित्राकडे बघत होते.

मला रात्री झोप लागत नाही. सकाळी उठल्याबरोबर ह्यांचं तोंड उघडून टॉर्चनं बघते. गाल, टाळू, जिभेची कड, जिभेखाली. नवा दिसला नाही तर देवाला दिवा लावते आणि दिसला तरी लावते.

तुम्ही थोरल्या. ह्यांना माझ्याआधीपासून ओळखता. तुम्हाला काही सुचतं का? सुचलं तर संकोच करू नका.

वैजयंती

*

नागपूर
८ जानेवारी २०२५

वैजू,

हे पत्र मी अनेकदा लिहून फाडलं आहे. यशवंतचे गुडघे मी बरे केले. भाऊबीजेला त्याला पुड्या दिल्या, तुझ्यापासून लपवून. इथे गावाबाहेर एक माणूस दर गुरुवारी बसतो, त्याच्याकडच्या. पहिलं पत्र आलं तेव्हाच मला शंका आली होती. तुला "उष्णता असेल" असं लिहिलं तेव्हा माझा हात थांबला होता, तरी लिहिलं. त्यानं आणखी मागितल्या, त्याही पाठवल्या. लाडवांच्या डब्यात बघ, खालच्या कागदाखाली. असतील नसतील त्या सगळ्या डॉक्टरांपुढे टाक आणि माझं नाव सांग.

काल औषधांच्या दुकानात जाऊन विचारलं. तो मुलगा म्हणाला, "आजी, असल्या पुड्यांत कित्येकदा वेदनेच्या जबर गोळ्या कुटून घातलेल्या असतात. रक्त पातळ करायच्या गोळीबरोबर त्या घेतल्या तर पोटातसुद्धा रक्तस्राव होतो." त्याला ते मला कागदावर लिहून द्यावं लागलं. तो कागद मी ब्लाउजमध्ये घालून घरी आणला.

तू म्हणशील, फोन का नाही केला. पल्लवीला सांगितलं असतं तर तिनं एका मिनिटात केला असता. पण मग मी काय केलं ते तिला कळलं असतं, तुझ्याशी बोलताना तिनं ते मोठ्यानं म्हटलं असतं, आणि ह्या घरात माझा शब्द चालतो तो चालेनासा झाला असता. म्हणून पत्र. स्पीड पोस्टनं पाठवते. हे लिहितानाच कळतं आहे की मी भावाच्या जिवापेक्षा माझी लाज मोठी केली, आणि तरी लिहितेच आहे.

तुझा यात काडीचाही दोष नाही. तू उगाच गार पोळ्या वाढत बसलीस. तुझ्या पाया पडायला हवं, पण तू वयानं लहान, पडू देणार नाहीस.

प्रतिभा

*

अवधपुरी, भोपाळ
२४ जानेवारी २०२५

ती. वन्सं,

आधी तुम्हाला हवं ते सांगते. हे घरी आले आहेत, बरे आहेत. तोंडात एकही फोड नाही. आज सकाळी मऊ भात खाल्ला.

तुमचं पत्र तेरा तारखेला आलं. त्याच्या तीन दिवस आधी, सकाळी दात घासताना ह्यांना उलटी झाली, कॉफीच्या चोथ्यासारखी काळी, आणि ते बाथरूमच्या दारात कोसळले. पोटात रक्तस्राव झाला होता. चार दिवस अतिदक्षता विभागात काढले. रक्त चढवलं, गोळीचा परिणाम उतरवणारी इंजेक्शनं दिली. पहिले दोन दिवस डॉक्टर आमच्याकडे न बघता बोलायचे. मी बाहेरच्या खुर्चीवर बसून एकच घोकत होते, की हे वाचले तर खरं सांगेन.

म्हणून आता सांगते.

त्या सकाळी घरातून निघताना मी लाडवांचा डबा उपडा करून खालच्या पुड्या पर्समध्ये घातल्या होत्या. तुमचं पत्र तेव्हा आलेलं नव्हतं. मग पुड्या तिथे आहेत हे मला कुठून कळलं, असं तुम्ही विचाराल. मला दिवाळीपासून ठाऊक होतं. नागपूरहून आल्यावर ह्यांचा कोट झटकताना पहिल्या पुड्या खिशात सापडल्या होत्या, तुमच्या साडीच्या घडीत असतो तसल्या कापराचा वास होता. मी त्या जशाच्या तशा परत ठेवल्या; लाडवांचा डबा आला तेव्हाही कागदाखाली चाचपून तसंच केलं.

डॉ. मृणालनं "एखादं चूर्ण?" विचारलं तेव्हा मी "नाही" म्हटलं ते माहीत असून. हृदयाचे डॉक्टर चिडले तेव्हाही गप्प बसले ते माहीत असून. सुरुवातीला स्वतःला समजावलं, झाडपाला आहे, त्यानं काय होतंय. मग फोड वाढले तसं ते समजावणंही संपलं, तरी बोलले नाही. शेवटच्या पत्रात "तुम्हाला काही सुचतं का" असं विचारलं, ते तुम्ही बोलावंत म्हणून. तुम्ही बोललात की मला बोलावं लागणार नव्हतं.

का, ते सांगायला लाज वाटते. लग्न झाल्यापासून ह्यांना कधी ऑफिसातून सवड नव्हती आणि सवड झाली तेव्हा गुडघे गेले. ह्या दिवाळीनंतर पहिल्यांदा तलावाच्या काठानं हे माझ्या पुढे चालत होते आणि "जरा थांबा हो" म्हणायची वेळ माझ्यावर आली होती. मला ते आणखी थोडे दिवस हवं होतं. एवढंच.

आणि याहून वाईट ऐका. इस्पितळात डॉक्टरांच्या हातात पुड्या देताना मी म्हटलं, "आजच सापडल्या. माझ्या नणंदेनं चोरून दिल्या होत्या." सौरभ बंगळुरूहून विमानानं आला तेव्हा त्यालाही तेच सांगितलं. त्यानं माझ्यादेखत पल्लवीला फोन लावला आणि तुमच्याबद्दल जे बोलला ते मी ऐकलं. मुलाला थांबवलं नाही. तुम्हाला ऐकू येत नाही, पण पल्लवीनं ते सगळं ऐकलं आहे. तुम्ही जिथली लाज राखायला पत्र लिहीत होतात तिथेच मी ती घालवली, तीही अर्ध्या खोट्यावर.

मग तुमचं पत्र हातात पडलं. "तुझा यात काडीचाही दोष नाही." ते वाक्य मी इस्पितळाच्या जिन्यात बसून वाचलं.

काल सौरभला सांगितलं. तो उठून गॅलरीत गेला. पल्लवीला त्यानंच सांगायचं असं त्याला म्हटलं आहे. ह्यांना मी स्वतः सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे तिघंही एकमेकांना सांभाळत होतो." मी म्हटलं, सांभाळणं म्हणू नका त्याला.

माफी मागायचा हक्क मला आहे असं वाटत नाही, म्हणून मागत नाही.

वैजयंती

*

नागपूर
८ फेब्रुवारी २०२५

वैजू,

खरं सांगू? तुझं पत्र वाचल्यावर पहिल्यांदा मला बरं वाटलं. एकटी मीच नव्हते, म्हणून. मग त्या बरं वाटण्याचीच किळस आली. आपण दोघींनी वाटून घेतलं म्हणून ते कमी होत नाही, हे मला कळलं. तुझ्यावर रागावायचा प्रयत्न केला, तोही जमला नाही.

परवा गुरुवार होता. पल्लवीला म्हटलं, गाडी काढ, मला त्या पुड्यांवाल्याकडे जायचं आहे. सौरभच्या फोनपासून ती माझ्याशी बेतानंच बोलते. काही न विचारता तिनं गाडी काढली.

तिथे नेहमीसारखी रांग होती. आमच्याच वयाच्या बायका, कुणी काठी टेकत, कुणी सुनेच्या खांद्यावर हात ठेवून. मीही अशीच उभी राहायचे. मी पुढे जाऊन सांगायला लागले. मला माझा आवाज कळत नाही, तो फार मोठा असावा, कारण सगळ्या वळल्या. मी म्हटलं, "हृदयाची गोळी चालू असेल तर ह्या पुड्या घेऊ नका. तोंडात रक्ताचे फोड येतात." तो माणूस हसून काहीतरी म्हणाला. पल्लवीनं नंतर सांगितलं, "म्हातारीला धड ऐकू येत नाही, डोकंही फिरलंय," असं म्हणाला. दोघीचौघी हसल्या.

मग मी म्हटलं, "माझ्यावर विश्वास ठेवू नका. तुमची तोंडं उघडून एकमेकींना दाखवा."

कुणी हललं नाही. रांगेत शेवटी एक बाई होती, खालच्या दगडावर बसलेली, बरोबर कुणी नाही. तिनं माझ्याकडे बघितलं आणि हळूच तोंड उघडलं. मी वाकले. पल्लवीनं मोबाइलचा उजेड धरला. गालाच्या आत, दाढेच्या समोर, जांभळट काळा. तू लिहिलं होतंस अगदी तसा. मी जन्मात पहिल्यांदा बघत होते, वैजू, पण मला ओळखायला क्षण लागला नाही. तुझ्या पत्रात तो मी कितीदा वाचला होता.

तिच्या हृदयात मागच्या वर्षी नळी घातली आहे, गोळ्या चालू आहेत. पुड्यांचं डॉक्टरला सांगितलंय का विचारलं तर मान खाली घातली. आम्ही तिला उचलून गाडीत बसवलं आणि सरळ इस्पितळात निघालो. मागच्या सीटवर ती माझ्या शेजारी होती. तिनं काहीतरी विचारलं, मला ऐकू आलं नाही. पल्लवीनं सिग्नलला गाडी थांबवली, मागे वळून माझ्या कानाशी तोंड आणलं आणि मोठ्यानं सांगितलं, "त्या विचारताहेत, तुम्हाला कसं कळलं?"

मी पल्लवीसमोर सांगितलं, जसं घडलं तसं. मी माझ्या धाकट्या भावाला ह्याच पुड्या दिल्या, लपवून दिल्या, कळल्यावर पुन्हा दिल्या, आणि लाज वाटली म्हणून वेळेवर फोन केला नाही. पल्लवी ऐकत होती. सिग्नल सुटला तरी तिनं गाडी हलवली नाही.

त्या बाईचे ओठ हलले. पल्लवीनं पुन्हा माझ्या कानाशी येऊन विचारलं, "भाऊ आहे का, विचारताहेत."

आहे, म्हटलं. मग पल्लवीला म्हटलं, चल, गाडी हलव.

प्रतिभा